लाल गाठींची दोरी

लेपेका आत्याला दिवसातले दोनच तुकडे हवे असायचे. एक पहाटेचा, गवतावर दव असतं तोवरचा. दुसरा संध्याकाळचा, प्रार्थनेचा शंख वाजेपर्यंतचा. मधला सगळा दिवस तुम्ही घ्या, असं ती म्हणायची. पण घरालाही नेमके हेच दोन तुकडे हवे असायचे. पहाटे चुलीवर कोको उकळायचा, मुलांचे शाळेचे कपडे काढायचे. संध्याकाळी पाद्रीबाबांच्या घरी जेवण पोचवायचं, नीरफणस भाजायचा. आणि या कामांसाठी पहिली हाक जायची ती आत्यालाच.

आत्या विणायची ती झोपायची चटई नव्हे. केवड्याच्या जातीची लांब पानं उकळायची, समुद्राच्या पाण्यात बांधून ठेवायची, उन्हात पांढरी करायची. मग नखाने त्यांच्या इतक्या बारीक पट्ट्या काढायच्या, की चटई विणून झाल्यावर रेशमी लुगड्यासारखी घडी पडावी. अशी चटई लग्नात, मयतात, माताईपदाच्या म्हणजे घराण्याच्या प्रमुखपदाच्या समारंभात द्यायची असते. ती बाहेर आणून उलगडली, की सगळा जमाव "साओ! फाआलालेलेई!" असा आभाराचा आणि कौतुकाचा पुकारा करतो. बारीक चटईला वर्ष लागतं, कधी दोन. दुपारच्या उन्हात पट्ट्या कडकड तुटतात, म्हणून पहाट आणि संध्याकाळच.

मी वीजवाहिन्यांवर काम करते. गावातली म्हातारी माणसं मला 'खांबावर चढणारी सेलेपा' म्हणतात. आमच्या कामात किती वीज लागते यापेक्षा कधी लागते हे महत्त्वाचं. संध्याकाळी सातला सगळं गाव एकदम दिवे लावतं, तेव्हा तारा तापतात. दुपारी तेवढीच वीज असून कुणाला नको असते. आत्याच्या वेळेचंही तसंच होतं. "दिवसभर बसलेलीच तर असते," असं आई म्हणायची, तेव्हा मला ते समजावून सांगावंसं वाटायचं. पण आमच्याकडे आईला काही समजावायची पद्धत नाही.

आत्या माझ्या वडिलांची थोरली बहीण. लग्न झालेलं नाही, आमच्याच घरात राहते. तिला एक मुलगी आहे, साविली. साविली वर्षाचीही नव्हती तेव्हा आजोबांनी ठरवलं, की ऑकलंडला असलेल्या धाकट्या मुलीला, एसेताला, मूल नाही, तर ही तिला द्यावी. आत्याने दिली. यात भांडण नाही, लपवाछपवी नाही. अशी मुलं आमच्या प्रत्येक घरात दिली-घेतली जातात. साविलीलाही ठाऊक आहे. ती एसेताला आई म्हणते आणि लेपेका आत्याला मावशी. दिलेलं मूल पुन्हा आपलं म्हणायचं नाही, एवढा एकच नियम. आत्याने तो कधी मोडला नव्हता.

साविलीचं लग्न डिसेंबरात आमच्याच गावात करायचं ठरलं होतं. तिकडचे सगळे नाताळाला घरी येतात, तेव्हाच. आत्या त्याआधी दोन पावसाळ्यांपासून चटई विणत होती, पण हळूहळू, मधेच सोडून. लग्नाची बातमी आली तेव्हा जेमतेम चौथा हिस्सा झाला होता. त्या दिवशी तिने मला विणकामाच्या फालेत बोलावलं. फाले म्हणजे चारी बाजूंनी उघडी, खांबांवरची मोठी झोपडी. गावातल्या सगळ्या बायका तिथे आपापल्या चटया मांडून बसतात.

"सेलेपा, तू शिकलेली आहेस. हे डिसेंबरपर्यंत होईल?"

मी विणलेला भाग वितीने मोजला, उरलेला मोजला. "पहाट आणि संध्याकाळ, दोन्ही रोज मिळाल्या तर होईल. एक जरी गेली तर नाही."

"मग मिळवायला हव्यात," ती म्हणाली. "मुलीच्या लग्नात मी रिकाम्या हातांनी नाही उभी राहणार." मग इकडेतिकडे पाहून तिने सुधारून घेतलं, "भाचीच्या."

जानेवारीत राजधानीहून, आपियाहून, एका संस्थेची बाई आली. महिला समितीच्या सगळ्या बायकांना तिने फालेत गोल बसवलं आणि फळ्यावर चित्र काढलं: खाली एक माणूस, वर डोंगराचं टोक, मधे पायऱ्या. ध्येय ठरवा, त्याचे तुकडे पाडा, प्रत्येक तुकड्याला वेळ नेमून द्या. बाई तरुण होती, मनापासून बोलत होती. मी पंखा चालू करायला गेले होते, ती ऐकत थांबले. मलाही ते पटत होतं.

"आता एकेकीने उभं राहून आपलं ध्येय मोठ्याने सांगायचं," बाई म्हणाली. "मनात ठेवलं की राहून जातं. चारचौघांत बोललं की माणूस करतो."

"माझं ध्येय जेवण कधी आहे ते कळणं," सापिना आजी म्हणाली. ती आमच्या विणकरणींत सगळ्यांत जुनी. सगळ्या हसल्या.

"माझं ध्येय सापिना आजी गप्प बसणं," कुणीतरी मागून म्हणालं.

"ते डोंगराच्याही वर आहे बाई, तिथवर पायऱ्या पोचायच्या नाहीत."

हसणं चालू असतानाच आत्या उभी राहिली. सभेत ती कधी बोलत नसे, म्हणून लगेच शांत झालं. तिने हात पोटाशी धरले आणि म्हणाली, "मी नाताळाच्या आत एक बारीक चटई पुरी करीन. माझ्या हातची सगळ्यात बारीक."

कुणासाठी, ते ती बोलली नाही. बोलताच येत नव्हतं. 'माझ्या मुलीसाठी' असं सभेत म्हणणं म्हणजे एसेताच्या मांडीवरून मूल उचलून घेण्यासारखं होतं.

बाईने टाळ्या वाजवल्या. सापिना आजीने मोठ्याने "साओ!" म्हटलं, आणि सगळ्या जणींनी तो पुकारा उचलला. बाईला वाटलं, ही शाबासकी. ती बिचारी शहरातली. आमच्याकडे सभेत उभं राहून एखादी वस्तू बोलून दाखवली, की ती ताटात वाढल्यासारखी होते. मग ती कुणाच्या तोंडी जाईल, हे वाढणाऱ्याच्या हातात राहत नाही. आत्याला हे माहीत नव्हतं असं नाही. पण फळ्यावरच्या त्या पायऱ्या बघताना तिला आयुष्यात पहिल्यांदा वाटलं असावं, की आपल्यालाही एक डोंगर असू शकतो.

त्याच आठवड्यात तिने एक दोरी घेतली, चटई जेवढी लांब व्हायची होती तेवढी. महिन्यागणिक कुठवर पोचायचं तिथे लाल लोकरीची गाठ मारली. ती दोरी ती चटईच्या कडेने पसरून ठेवायची. विणकाम गाठीच्या पुढे असलं की तिचा चेहरा उजळायचा, मागे असलं की संध्याकाळी जेवणात लक्ष नसायचं.

आणि ती 'नाही' म्हणायला लागली. बिंगोच्या खेळाला नाही. बायकांचा जत्था बसने दुसऱ्या गावी निघायचा तेव्हा नाही. पहाटे चुलीपाशीसुद्धा नाही.

"वन्सं, कोको कोण करणार?" पहिल्या दिवशी आईने विचारलं.

"सूर्य वर आला की मी करीन."

"सूर्य वर आला की मुलं शाळेत असतात."

"मग तू कर, ओलिता."

आईने किटली अशी आदळली, की शेजारची कोंबडी उडाली. "तुमची चटई बारीक होतेय तसतशी मीही बारीक होतेय," ती म्हणाली. पण केला कोको. बाबा कोकोची वाट बघत खांबाला टेकून बसले होते, ते काही बोलले नाहीत. आमच्याकडे भावाने बहिणीच्या कामात बोलू नये, बहिणीचा शब्द पडू देऊ नये, असा जुना करार आहे. तो कुठे लिहिलेला नाही, पण तो मोडणाऱ्याच्या घरात काही धड होत नाही असं सगळे मानतात. आत्याने तो कधी वापरलाच नव्हता. तिने बाबांकडे आजवर काही मागितलंच नव्हतं.

जुलैपर्यंत चटई गाठीच्या दोन बोटं पुढे होती. मी एक दिवस खांबावरून उतरून तशीच फालेत गेले, तर आत्या पट्ट्यांवर दगड ठेवून हात झटकत बसली होती. मला हसत म्हणाली, "बघ, पुढे आहे." एवढंच. मी तिला तशी हसताना कधी पाहिलं नव्हतं, आणि त्यानंतरही पाहिलं नाही.

ऑगस्टमध्ये गावचा मोठा माताई वारला. गावात त्याच्यावर कुणी नव्हतं. सगळ्या घरांना चटया घेऊन जायचं होतं, आणि बाबाही माताई, म्हणजे आमच्या घरालाही. आमच्याकडे साध्या चटया होत्या, पेटीत घडी घालून ठेवलेल्या. मयताची बातमी आली त्याच दुपारी शेजारच्या गावाहून तोफा काका आले. ते बाबांचे चुलतभाऊ, आणि सभेत आमच्या कुटुंबाच्या वतीने बोलणारे. उंच काठी, मोठं पोट, आवाज त्याहून मोठा.

"तुआओलेमा," ते बाबांना पदाच्या नावाने हाक मारून म्हणाले, "यंदा आपल्याला मान खाली घालायची गरज नाही. लेपेकाची चटई आहे."

"ती पुरी झालेली नाही," बाबा म्हणाले.

"किती राहिली?"

"हातभर."

"हातभर! अरे, हातभर म्हणजे काय? दहा बायका बसवा. शेवटचा भाग जरा जाड पट्ट्यांनी भरून टाका. घडी घातली की तो आत जातो. कोण उलगडून बघतंय शेवटपर्यंत? आणि ती बोललीय रे सभेत. मेलेल्याची बायको त्या सभेत बसली होती. काल रडतारडता मला म्हणाली, लेपेकाच्या हातची चटई माझ्या नवऱ्यावर पडणार, एवढा तरी मान."

मी कोपऱ्यात ताटं पुसत होते. आत्या बाहेर, पायरीपाशी होती. तिला सगळं ऐकू जात होतं.

तोफा काका गेल्यावर बाबा उठले. आत्या आत येऊन बसली होती. बाबा तिच्यासमोर बसले, पण बरोबरीने नाही. पायरी उतरून खालच्या खडीवर, मांडी घालून, मान खाली. माझ्या वडिलांना मी कुणासमोर असं बसलेलं पाहिलं नव्हतं.

"ताई," ते म्हणाले, "ती कुणासाठी आहे ते मला माहीत आहे. पण सभेत मी ते बोलू शकत नाही. बोललो तर एसेताचा अपमान, साविलीचाही. आणि काही न बोलता नाही म्हणालो, तर आपण मेलेल्याची चटई लपवली असं होईल."

आत्या फालेच्या दिशेला बघत होती.

"तू हो म्हण, मी उचलून नेतो. तू नाही म्हण, मी असाच उठून जातो. मला तिसरं काही सुचत नाही."

"सेफो," आत्याने त्यांना लहानपणच्या नावाने हाक मारली. "साविली मी दिली, तेव्हा मला कुणी विचारलं होतं का?"

"नाही."

"आज तू विचारलंस. एवढं कुणी केलं नव्हतं." तिने पदरासारखा खांद्यावर टाकलेला पंचा सावरला. "तर मग ऐक. नाही."

बाबा उठले, आईला म्हणाले, "पेटीतल्या काढ," आणि आंघोळीला गेले. आईने पेटी उघडताना झाकण मुद्दाम जोरात आपटलं, पण आत्याला एक शब्दही बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

मयताच्या दिवशी मी बायकांमध्ये उभी होते. इतर घरांच्या चटया बाहेर आल्या तेव्हा पुकारे झाले. आमच्या तीन साध्या चटया उलगडल्या तेव्हा दोन-चार आवाज आले, तेही सवयीने. समोरच्या, मयताच्या घरच्या वक्त्याने काठीवर भार देऊन गोड आवाजात म्हटलं, "तुआओलेमाच्या घरचे आभार. त्या घरातल्या बायकांचे हात फार कामात असतात असं आम्ही ऐकून आहोत. तरी वेळ काढलात." कुणी हसलं नाही. तोफा काका समुद्राकडे बघत होते. बाबांनी उत्तराचं भाषण केलं, नीट केलं, पण घरी येताना गाडीत ते एवढंच म्हणाले, "आभार मानून मारतात लोक."

त्यानंतर फालेत कुणी आत्याशी भांडलं नाही. जागा तीच, चहा तोच. फक्त पानं उकळायच्या दिवशी तिची जुडी विसरली जायची. आधी सगळ्यांची पानं एकाच मोठ्या भांड्यात उकळायची, एकत्र समुद्रात बांधायची. आता कुणीतरी म्हणायचं, "अगं बाई, लेपेकाची राहिलीच की!" आणि दुसरी म्हणायची, "तिला कुठे आपली गरज. तिचं तिचं ध्येय आहे." सापिना आजी असं काही बोलायची नाही, ती आत्याकडे बघायचीच नाही.

म्हणजे उकळणं, समुद्रात बांधणं, वाळवणं, चिरणं, सगळं आत्याने एकटीने करायचं. पहाट त्यात जायची. दोरीवरची सप्टेंबरची गाठ विणकामाच्या पुढे निघून गेली. ऑक्टोबरची तर फार पुढे. मी सुट्टीच्या दिवशी पानं उकळून द्यायचे, पण माझ्या हातांना तारा ओढायची सवय. माझ्या पट्ट्या फाटायच्या.

नोव्हेंबरात एका सकाळी आई येऊन आत्याशेजारी बसली आणि पानं चिरायला लागली.

"तुमच्यासाठी नाही करत, वन्सं," ती म्हणाली. "लग्नात अर्धी चटई घेऊन उभ्या राहिलात तर माझं नाक कापलं जाईल. एकदा कापलं गेलंय, दुसरं नाक नाही माझ्याकडे."

"बरं," आत्या म्हणाली.

आईच्या पट्ट्या जाड व्हायच्या. आत्या त्या हातात घेऊन बघायची आणि हळूच बाजूला ठेवायची. वापरायची नाही, टाकायचीही नाही. त्यांचा एक ढीग झाला. आईला तो दिसत होता. ती रोज येऊन तरीही चिरत राहिली.

मी एकदा म्हटलं, "आत्या, शेवटच्या भागात त्याच वापर ना. घडी घातली की आत जातं."

"तोफाचं बोलणं तुझ्या तोंडात कुठून आलं?" ती म्हणाली.

लग्न आलं तेव्हा चार बोटं उरली होती. दोरीवरची शेवटची लाल गाठ तशीच मोकळी, तिच्याखाली काही नाही. आणि विणलेल्या कडेपासून न विणलेल्या पट्ट्यांची झालर लोंबत होती. आदल्या संध्याकाळी शंख वाजला, सगळं गाव प्रार्थनेला बसलं, आणि आत्याने पहिल्यांदा प्रार्थनेतही हात थांबवले नाहीत. बाबांनी पाहिलं. त्यांनी डोळे मिटून घेतले आणि भजन जरा मोठ्याने म्हणायला सुरुवात केली.

लग्नात एसेता आत्याने ऑकलंडहून आणलेली सगळी भेट मांडली. चटया आल्या, पुकारे झाले. सगळ्यांत शेवटी लेपेका आत्या चर्चबाहेरच्या हिरवळीवर आली. नवा पांढरा पोशाख, हातांवर ती चटई. तिने दोन टोकं धरली, दुसरी दोन मी धरली, आणि आम्ही उलगडली. ऊन चटईवर असं पडलं, की पाणी सांडल्यासारखं वाटलं. मग लोकांना ती झालर दिसली. अपुरी चटई कुणी कधी बाहेर आणत नाही. पुकारा करायचा की नाही हेच कुणाला कळेना. बायकांच्या घोळक्यातून एकही आवाज आला नाही. सापिना आजीचे ओठ हलले असं मला वाटलं, पण ती काही बोलली नाही. बाबा कमरेवर हात ठेवून उभे होते.

साविली पुढे आली. तिकडे वाढलेली पोरगी, तिला या शांततेचा अर्थ लागला नाही. तिने चटईवरून तळवा फिरवला, एकदा, दोनदा. मग गालाला लावली. चटईला अडकून राहिलेली दोरी खाली पडली, ती तिने उचलली.

"मावशी, ही लाल गाठींची दोरी कसली?"

"कधीपर्यंत कुठे पोचायचं, त्याच्या खुणा."

साविलीने दोरी चटईच्या कडेला लावून पाहिली. शेवटची गाठ हवेत राहिली. तिने लोंबणाऱ्या पट्ट्या बोटांत धरल्या. "आणि हे असंच असतं?"

आत्याने एसेताकडे पाहिलं. एसेताने मान वळवली.

"नाही, बाळा," आत्या म्हणाली. "वेळ पुरला नाही."

साविलीने दोरीची गुंडाळी केली आणि चटईच्या आत ठेवली. मग ती चटई, झालरीसकट, खांद्यावरून पाठीवर ओढून घेतली आणि नवऱ्याच्या शेजारी जाऊन उभी राहिली. जेवणं वाढायला सुरुवात झाली. आई आत्याजवळ येऊन म्हणाली, "वन्सं, पाद्रीबाबांचं ताट कोण नेणार?"

आत्याने हात पुशीत म्हटलं, "मी नेते."